सीतेच्या वेणीसाठी टुल्लू पंप

सक्करदरा, नागपूर
मे संपत आला, ऊन संपलेलं नाही

सन्माननीय व्याही गोपाळराव यांना नागपूरहून शालिकराम लांजेवार याचा मनापासून नमस्कार. सौ. विहीणबाईंनाही माझा आणि इंदूचा नमस्कार सांगावा. आम्ही सगळे इकडे अर्धे शिजलेले, पण खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं आता कसं आहे? लग्नात तुम्ही पंगतीला खाली बसत नाही म्हणालात, तेव्हा आमच्याकडच्या मंडळींनी व्याही रुसले अशी बातमी मांडवभर केली होती. मी प्रत्येक पानापाशी जाऊन सांगत होतो की रुसवा नाही, गुडघा आहे. तरी आमचे एक चुलते अजून विचारतात, तुमचे व्याही राजी झाले का म्हणून.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपला फोन कसा होतो ते आठवा. तुम्ही म्हणता, "बाकी काय?" मी म्हणतो, "बाकी तुम्ही सांगा." मग दोघंही आपापल्या बायकोच्या हातात फोन देऊन मोकळे होतो. शिवाय गार्गी तुम्हाला फोनवर "सगळं छान आहे, काळजी करू नका" एवढंच सांगते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मुलीच्या बापाला खरं काय ते कळलं पाहिजे. (मी लिहायला बसलो की अशी पुस्तकी मराठी येते. बोलतो तशी लिहिली तर सावंतवाडीत तुम्हाला दुभाषा शोधावा लागेल.)

विषय तुमच्या झाडांचा आहे. वादळात पडलेल्या फणसाची फांदी, तिला चिकटलेली दोन ऑर्किडं, म्हणजे तुमच्या सीतेच्या वेण्या, आणि नारळाच्या सोडणात लावलेले ते नेचे, असं सगळं ओल्या पोत्यात गुंडाळून तुम्ही मुलीबरोबर पाठवलंत. नवी सून गाडीतून उतरली आणि तिच्यामागून ओंडका उतरला. इंदूनं ओवाळायचं तबक हातात धरूनच विचारलं, "लाकूड काहून आणलं वं? सरपण भेटते इथं." गार्गी जी हसली, ती अजून त्या गोष्टीवर हसते. फांदी मागच्या अंगणात पेरूच्या सावलीत टांगली, वर हिरवी जाळी बांधली. थंडीत ठीक चाललं. मार्चमध्ये मोठ्या वेणीला कळ्यांचा दांडा आला. गार्गी रोज त्याचा फोटो काढायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "ही इथं फुलली ना, की मी नागपूरची झाले असं समजायचं." सगळे हसले. आमच्या रोहितनं हसता हसता आणखी वरण मागून घेतलं. मी मात्र हसलो नाही. मी ते मनावर घेतलं.

त्याला कारण होतं. तुमची मुलगी आमच्या घरात आल्यापासून प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणत होती. चहा गोड झाला नाही, चालेल. कूलर ट्रकसारखा घरघरतो, चालेल. पाहुणे न सांगता आले, चालेल. सून तक्रार करत नाही म्हणून खूश व्हायचं की घाबरायचं, हे मला आणि इंदूला कळेना. परक्याच्या घरी आपण असं वागतो, हे दोघांनाही माहीत होतं, पण बोलायचं कोणी?

एप्रिलमध्ये तिला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. (हे तिनं तुम्हाला सांगितलंच असेल. तिथले डॉक्टर तिच्यावर खूश आहेत, हे सांगितलं नसेल.) रोहितची तर कळमेश्वरच्या कारखान्यात पाळी असते. म्हणजे दिवसभर घरी मी, इंदू आणि ओंडका. जाताना तिनं फवाऱ्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, दिवसातून चार-पाच वेळा मारायचं. नाही जमलं तरी चालेल." ती बाटली न्हाव्याकडे असते तसली. मी अंगणात उभा राहून फुसफुस करू लागलो, तर भिंतीपलीकडून आमच्या शेजारीण जिजाबाईंनी आवाज दिला, "शालिकभाऊ, झाडाची दाढी काहून करून राहिले गा?"

गोपाळराव, मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात उभं आयुष्य पंपहाऊसमध्ये काढलं, फोरमन म्हणून निवृत्त झालो. बॉयलरला पाणी पाजणारे ते पंप असे की त्यांच्याशेजारी दोन माणसांना ओरडून बोलावं लागे. (म्हणून माझा आवाज असा आहे. लग्नात मी तुमच्याशी भांडत नव्हतो, तुमची विचारपूस करत होतो.) असल्या माणसानं न्हाव्याची बाटली दाबत बसावं? मी जिजाबाईंना तिथल्या तिथं सांगून टाकलं की आठवड्याच्या आत या अंगणात बटण दाबलं की धुकं पडेल. त्या म्हणाल्या, "पडू द्या बाप्पा. पाहू."

बारीक तोंडाच्या तोट्या आणल्या, नळी आणली, जाळीला बांधली. राहिला पंप. नागपूरच्या माणसाला पंप म्हटलं की पहिला कूलरचा आठवतो. आमच्या माळ्यावर तसले चार निघाले, चारही जाम. चालू स्थितीतला पंप घरात एकच होता, आणि तो बैठकीतल्या कूलरमध्ये होता. मी तो "पाच मिनिटांसाठी" काढला. बादलीत सोडला, बटण दाबलं. तोट्यांमधून धुकं येईना, एकेक थेंब गळू लागला, सर्दी झाल्यासारखा. कूलरचा पंप पाणी भरपूर उचलतो, पण त्याच्या मागे जोर नसतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडायला जोर लागतो कशाला? हे मला ठाऊक असायला हवं होतं, ठाऊक होतंही, पण हात थांबेनात. मी तोट्या काढून, फुंकून, पुन्हा बसवत राहिलो. त्या दुपारी बैठकीत इंदूचं भजनी मंडळ जमलेलं होतं. कूलरचा पंखा फिरत होता आणि पाण्याशिवाय बायकांवर शुद्ध गरम वारा फेकत होता. इंदूला आधी वाटलं, कूलरचं पाणी संपलं. मग तिनं मागचं झाकण उघडलं. मग ती अंगणात आली. तिचं पहिलं वाक्य लिहितो, बाकीची लिहिण्यासारखी नाहीत. "त्या बाया भजन म्हणायले आल्या का भाजून घ्यायले?"

दुसरा पंप टुल्लू. आमच्या जुन्या घरी नळाला जोर नसायचा म्हणून घेतलेला, अर्ध्या हॉर्सपॉवरचा, लोखंडी. चांगला दणकट. रोहित म्हणाला, "बाबा, ऑनलाइन किट मागवू ना, दोन दिवसांत येते." मी म्हटलं, तुझ्या बापानं अर्ध्या विदर्भाच्या दिव्यांमागचं पाणी ढकललं आहे, त्याला किट दाखवू नको. टुल्लू मी छतावरच्या टाकीला जोडला, कूलरची मऊ नळी त्याच्या तोंडावर चढवली आणि तारेनं आवळली. बटण दाबलं. तुम्हाला मी काय सांगू! एवढ्याशा तोट्या, त्यांच्यामागे एवढा पंप, पाण्याला जायला वाट नाही. नळी आधी फुगली, मग तारेतून सुटली आणि अंगणात साप खेळावा तशी खेळू लागली. मी तिला पकडायला धावलो तर तिनं मला चिंब केलं आणि भिंतीवरून मान टाकून पलीकडे गेली. पलीकडे जिजाबाईंची बाजेवर साडी पसरलेली, आणि साडीवर वर्षभराच्या कुरडया.

मी बटण बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. जिजाबाई एक कुरडई बोटांत धरून भिंतीशी आल्या. ती लोंबत होती. त्या रागावल्या नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "मी वाळवून राहिली अन् तुम्ही भिजवून राहिले," त्या म्हणाल्या. "असं कसं जमन गा आपलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी मी आणि इंदू त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. इंदूनं चीक शिजवला, मी सोऱ्या दाबला. व्हॉल्व्ह फिरवून कमावलेले हात अखेर कुठे तरी उपयोगी पडले. जिजाबाई म्हणतात, एवढ्या एकसारख्या कुरडया त्यांच्याकडे कधी झाल्या नव्हत्या. (तुमच्यासाठी एक डबा काढून ठेवला आहे.)

एखादा इथे थांबला असता. मी नळीला पक्क्या पट्ट्या लावल्या, जाड नळी आणली आणि भर दुपारी पुन्हा टुल्लू सुरू केला. आणि गोपाळराव, धुकं पडलं! असं बारीक, पांढरं, हलकं की मी टाळी वाजवली. इंदूला हाक मारली, जिजाबाईंना भिंतीवरून दाखवलं. नेच्यांवर, फणसाच्या फांदीवर, वेणीच्या दांड्यावर सगळीकडे पाणी. मी खुर्ची टाकून, पाय लांब करून, माझ्या ढगाकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं सहज एका पानाला हात लावला, आणि हात मागे घेतला. पान गरम होतं. छतावरची काळी टाकी, मे महिना, नागपूर. त्यातलं पाणी मी त्या पोरीच्या झाडांवर फवारत होतो. टाकीचं पाणी दुपारी आपण हात धुवायलाही वापरत नाही, बादलीत काढून निवू देतो. हे इथल्या लहान मुलाला कळतं, आणि पंपहाऊसच्या फोरमनला त्या दिवशी कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत कळ्या पिवळ्या पडल्या. मी गेटपाशीच उभा राहिलो. गार्गीची स्कूटी आली, तिनं हेल्मेट काढलं, माझं तोंड बघितलं आणि न विचारता मागे गेली. मी तिच्यामागे जाऊन सगळं सांगितलं, टाकीसकट. तिनं दांड्याला बोट लावलं, तर दोन कळ्या तिच्या हातात आल्या. मी वाट बघत होतो की आता "चालेल" म्हणेल. तेव्हा मात्र मला तो शब्द सहन झाला नसता.

पण ती वळली आणि म्हणाली, "बाबा! भर दुपारी टाकीचं पाणी? त्यात चहा झाला असता! आधी हात घालून बघायचं नाही का? एवढं मोठं वीज केंद्र चालवलंत ना तुम्ही? आणि पंप लावा म्हणून कोणी सांगितलं होतं? मी बाटली दिली होती ना हातात? साधी बाटली!" आवाज असा चढला की इंदू कणकेचे हात घेऊन दारात आली आणि भिंतीवर जिजाबाईंचं डोकं उगवलं. गार्गी एकदम थांबली. तोंडावर हात ठेवला. "सॉरी बाबा," म्हणाली.

मी म्हटलं, "नाही, नाही, थांबू नको. आणखी काही राहिलं असेल तर तेही बोलून टाक."

आणि खरंच राहिलं होतं! चहात साखर कमी असते. कूलरच्या आवाजानं तिची झोप होत नाही. भाजीवर तेलाचा तवंग बघून तिला धडकी भरते. पाहुणे येणार असतील तर आधी कळलं पाहिजे. आणि तिला भात हवा असतो, रोज, दोन्ही वेळा, पण मागायची लाज वाटते. हे सगळं तिनं उभ्या उभ्या, डोळे पुसत सांगितलं. इंदू ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मंग आधी काहून नाही सांगितलं वं बाई? मी तं कवाची वाट पाहून राहिली." आणि कणकेच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. ड्रेस खराब झाला. तुम्ही बाप आहात, तुम्हाला तिच्या रागाची सवय असेल. आमच्या वाट्याला तो पहिल्यांदा आला. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त जेवलो. (भातही होता.)

रविवारी ती मला म्हणाली, "चला, आता पंप मी निवडते." दोघं तिच्या स्कूटीवरून गांधीबागेच्या बाजारात गेलो. तोंडाला ओढणी, फक्त डोळे उघडे, इथल्या पोरींसारखीच. दुकानदारानं काय हवं विचारलं तर मी म्हटलं, ढग. तो एक हॉर्सपॉवरचा पंप काढायला वळला. गार्गी म्हणाली, "दादा, पाणी जास्त नको, जोर जास्त पाहिजे." मी तिच्याकडे बघतच राहिलो. पंपाचं सगळं शास्त्र एवढंच आहे, गोपाळराव. पाणी किती आणि जोर किती. कूलरच्या पंपात पाणी आहे, जोर नाही. टुल्लूत दोन्ही आहे, पण आपल्या चार तोट्यांना एवढं पाणी काय करायचं आहे? दुकानदारानं मग पाणी शुद्ध करायच्या मशीनमधला पंप काढला. तळहातावर मावेल एवढा. पाणी वाटीवाटीनं देतो, पण असं रेटतो की बारीकात बारीक तोटीतून धूर निघावा. चालतो चोवीस व्होल्टवर, म्हणजे ओल्या अंगणात धोका कमी. मी आयुष्यभर असे पंप पाहिले की ज्यांच्यावर चढायला शिडी लागे. हातात मावणारा पंप मला पंप वाटतच नव्हता, सगळा घोटाळा तिथं होता.

दुकानदार मला म्हणाला, "काकाजी, आपको पंप का कुछ आयडिया है क्या?" मी हातातला पंप उलटासुलटा करून बघू लागलो. पण गार्गी म्हणाली, "आमचे बाबा खापरखेड्याला पंपहाऊसचे फोरमन होते." अशा आवाजात म्हणाली की आजूबाजूची गिऱ्हाईकं वळली. तिनं मला खुर्ची मिळवून दिली. दुकानदारानं चहा मागवला आणि मग लगेच स्वतःच्या घरची मोटर सुरू का होत नाही ते विचारायला बसला. मी फोनवर त्याच्या बायकोला बटणं दाबायला लावली, मोटर सुरू करून दिली. तोवर तुमच्या लेकीनं पंप, अडॅप्टर, गाळणी, टायमर आणि पंप बंद झाल्यावर तोट्या गळू नयेत म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह, असं सगळं काउंटरवर मांडलं होतं. आणि भाव ऐकून ती काय म्हणाली असेल? "भाऊ, काहून एवढं सांगून राहिले? पाहून घ्या ना जरा." सावंतवाडीची मुलगी! मला चहाचा ठसकाच लागला.

पाणी आता टाकीचं नाही, व्हरांड्यातल्या माठाचं. (इंदूनं पिण्याचा माठ द्यायला नकार दिला, म्हणून दुसरा आणला.) संध्याकाळी गार्गीनं बटण दाबलं. पंपानं भुंग्यासारखा आवाज केला, आणि पेरूखाली थंड धुकं उतरलं. ती त्यात जाऊन उभी राहिली, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी जिजाबाई आपली खुर्ची घेऊन आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी भजनी मंडळ आलं. सध्या झाडं एका कडेला आणि माणसं धुक्याच्या मध्यभागी, अशी व्यवस्था आहे.

मोठी वेणी यंदा फुलणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं. राहिलेल्या कळ्याही गळल्या. पण मुळांची टोकं हिरवी आहेत, नेच्यांना नवी पानं येत आहेत. गार्गी म्हणते, झाड जिवंत आहे, पुढच्या वर्षी बघू. ती "पुढच्या वर्षी" म्हणाली तेव्हा इंदूनं माझ्याकडे बघितलं.

तब्येत जपा, गुडघ्याला तेल लावत चला, आणि व्याह्याकडून झालेली हेळसांड पोटात घाला.

तुमचा,
शालिकराम

ता.क. खरं तर पेन उचललं ते दुसऱ्याच कामासाठी, पण पंपात वाहवलो. जूनमध्ये गार्गी माहेरी येते आहे. ती आठ दिवस म्हणते, म्हणजे तुम्ही आग्रह करून महिना कराल. बापाचा हक्क आहे, मी नाकारत नाही. पण कृपा करून पंधरा दिवसांच्या वर नेऊ नका. झाडांचं कारण नाही. झाडांचं पंप बघतो. आमचं कोण बघणार? हे तिला कळू देऊ नये.

ता.क. दुसरा. मी सौ. इंदू लिहून राहिली. हे जरा दुकानात गेले म्हणून पत्र वाचलं. विहीणबाई, ह्यायचं काही मनावर घेऊ नका, पोरीले चांगली महिनाभर राहू द्या. अन् मी बी तिच्यासंगं येऊन राहिली. गार्गीनं दोघींचं तिकीट काढलं. मी समुद्र टीव्हीवरच पाह्यला आजपर्यंत. पावसाळ्यात तो लय खवळते म्हणतात. खवळलेली माणसं घरी लय पाह्यली, आता समुद्र पाहीन. ह्यायले अजून सांगितलं नाही, म्हणून पाकीट मीच चिकटवून टाकते.